आधी पाणी आणा

ज्यांच्या मोबाईलवर त्या म्हाताऱ्याचा व्हिडिओ येऊन गेला असेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. त्यात पांढऱ्या शर्टातला एक उंच माणूस मिरचीच्या वावरात, ऐन कार्यक्रमात, पाण्याच्या कॉकवर फतकल मारून बसलेला दिसतो. दोन जण त्याला बखोटीला धरून उठवतात. खाली कुणीतरी लिहिलेलं असतं, ‘दारू पिऊन काकांचा राडा’. अकोल्यात आणि अमरावतीत तो बराच फिरला. माझ्या मावसभावानं तो मलाच पाठवला, वर हसरे चेहरे लावून. त्या माणसाच्या दुकानात मी काही वर्षं नोकरी केली हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी त्याच वावरात, चित्राच्या चौकटीच्या जराशी बाहेर उभी होते हेही नव्हतं.

सर दारू पीत नव्हते. चहा पीत नव्हते, सुपारी खात नव्हते, आणि जेवणात मीठही घेत नव्हते. कारण एकच, जीभ. ती त्यांना कामाला लागायची.

अकोल्यात जुन्या कापूस बाजाराच्या मागच्या रस्त्यावर त्यांचं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान होतं. त्याआधी ते एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. तिथल्या प्रयोगशाळेच्या नळाला वर्षभर पाणी आलं नाही, आणि शेवटी प्रात्यक्षिकांचे गुण मात्र सगळ्यांचे भरून मागितले. सरांनी त्या कागदावर आडवं ‘पाणी नव्हते’ एवढंच लिहिलं आणि राजीनामा दिला. नोकरी गेली, ‘सर’ राहिलं.

दुकानात आलेल्या माणसाला बाकीचे दुकानदार पाणी देतात. सर मागायचे. “पानी आनलं का मालक?” हाच त्यांचा नमस्कार. ज्याच्या नावावर थोडंसं का होईना वावर आहे, आणि नावावर नसलं तरी जो त्यात राबतो, तो त्यांच्या लेखी मालक. साहेब लोकांना ते ‘भाऊ’ म्हणत. आणि बाईमाणूस, मग ती त्यांची बायको असो, मी असो की एखादी मोठी अधिकारी, ती नुसती ‘बाई’. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला होता. मी शेतकीची पदविका घेऊन आले होते आणि मला मॅडम म्हणवून घ्यायचं होतं.

पाणी मागण्याचं कारण आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. माती काळीभोर, पाहणाऱ्याला वाटावं सोनं पिकेल. पण खालचं पाणी खारं. बोअर मारली की पाणी लागतं, माणूस नारळ फोडतो, पेढे वाटतो. ते पाणी वावराला देत गेलं की माती हळूहळू चिवट होते, वाळली की दगड होते, वर पांढुरका थर धरते, आणि मग तिच्यातून तिळाचा कोंबही वर येत नाही. ठिबकनं पाणी वाचतं हे खरं. पण ठिबक खाऱ्या पाण्याला गोड करत नाही. ते खारटपणा थेंबाथेंबानं, नेमका मुळाशी नेऊन ठेवतं.

हे ठिबक विकणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. गिऱ्हाइकाला सांगत ते एकटे सर.

आणलेली बाटली ते उजेडाकडे धरत, झाकण काढून वास घेत, आणि मग एक घोट तोंडात घेऊन गाल फुगवून डोळे मिटून बसत. समोरचा माणूस परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा त्यांच्या तोंडाकडे बघत राही. मग ते उठून दुकानासमोरच्या नालीत थुंकत आणि ठिबक मिळणार की नाही ते सांगत. पाणी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, टेबलाच्या खणात. ते नंतर निघे. “हे तुमच्यासाठी,” म्हणत. “मायावर भरोसा नसन तं यंत्रावर ठेवा.” यंत्र बहुतेक वेळा जिभेच्या बाजूनं बोले. कधी नाही बोललं तर सर निमूट यंत्राचं ऐकत, आणि त्या दिवशी घरी जाऊन काकूंवर, म्हणजे बायकोवर, चिडत की भाजीत चोरून मीठ टाकलं.

काकूंनी मला एकदा स्वयंपाकघरातला माळा दाखवला होता. तिथं जुन्या पातेल्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. “दुसऱ्या बायका नवऱ्यापासून पैसे लपवतेत,” त्या म्हणाल्या, “मी लोनचं लपवतो.”

एकदा दर्यापूरकडचा एक गडी आला. दोनदा नकार मिळालेला. तिसऱ्यांदा त्यानं स्वच्छ, गोड पाणी आणलं. सरांनी घोट घेतला, डोळे उघडले आणि शांतपणे म्हणाले, “हे तं नळाचं पानी हाय मालक. नगरपालिकेच्या टाकीले ठिबक लावाची हाय का?” सगळं दुकान हसलं, तो गडीही हसला, आणि बाहेर पडून थेट समोरच्या दुकानात गेला. तिथं पाणी विचारत नसत. तिथं थंड पेय देत आणि नळ्यांची बंडलं गाडीवर चढवून देत.

असे गेलेले काही जण दोन-तीन हंगामांनी परत येत. खुर्चीवर न बसता दाराशी उभे राहत. सर त्यांना भयंकर बोलत. मग स्कूटर काढत, त्यांच्या वावरात जात, उकिडवे बसून मातीत बोटं खुपसत, आणि तिथंही बोलत. मी एकदा म्हटलं, सर, तो आधीच मेलेला आहे, त्याला आणखी का मारता. ते म्हणाले, “मी त्याले नाही बोलून राह्यलो बाई. इकनाऱ्याले बोलून राह्यलो. तो इथी नाही, म्हून हा ऐकून घेते.”

हे उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. विकणाऱ्याचा राग विकत घेणाऱ्यानं का ऐकावा? सरांचं बरोबर असणं आणि सरांचं वागणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, आणि दुसरीचा त्रास पहिलीच्या नावावर खपवला जाई.

त्याची झळ माझ्या घरालाही लागली. आमचं वावर मूर्तिजापूरच्या पलीकडे. आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर राबून घेतलेलं. वडील दुकानात आले ते जयंतीच्या दिवशी घालायचा ठेवणीतला पांढरा सदरा घालून, हातात बोअरच्या पाण्याची बाटली. मुलगी जिथं नोकरी करते तिथं जायचं म्हणून दाढी केलेली. दुकानात गर्दी होती. सरांनी घोट घेतला, थुंकून आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मालक, या पान्यावर बाभूळ जगते. तुमाले नळी देऊन तुमच्या वावराचा खून करू का मी?”

वडील हळूच म्हणाले, “पोरगी इथी कामाले हाय म्हून आलो होतो.”

“म्हून तं अजिबात देनार नाही,” सर म्हणाले, आणि पुढच्या माणसाकडे वळले.

वडील बसस्टँडवर गेले. मी त्यांच्या मागं गेले नाही, काउंटरवर गिऱ्हाईक होतं. त्या दिवशी मी सरांशी एक शब्द बोलले नाही आणि नोकरी सोडायचं ठरवून सुट्टीला घरी गेले. जेवताना वडील म्हणाले, “लोकायसमोर बोलला. रीत नाही त्या मान्साले.” मग भाकरीचा दुसरा तुकडा मोडला. “पन म्या एक पाह्यलं. त्यानं माही बाटली सरळ तोंडाले लावली.”

माझ्या वडिलांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर त्यांना ओंजळ धरून उभं राहावं लागे, आणि कुणाला दया आली तर वरून पाणी ओतलं जाई. माझा राग गेला नव्हता, पण त्याचं काय करावं ते कळेना. मी नोकरी सोडली नाही.

पुढच्या रविवारी सर न सांगता आमच्या वावरात उगवले. माफी वगैरे काही नाही. सगळं वावर पायाखाली घातलं, पावसाचं पाणी कुठून येतं आणि कुठं तुंबतं ते वडिलांना विचारलं, आणि खालच्या कोपऱ्यात काठीनं रेघ ओढून म्हणाले, इथं तळं खणा. आमच्या चिकण मातीला प्लास्टिकही लागत नाही, पाणी धरून ठेवते ती. वरून पडणारं पाणी गोड असतं, ते साठवा, आणि मग ठिबकनं पुरवून पुरवून द्या. वडिलांनी तळं खणलं. पावसाळा झाला, तळं भरलं, त्यातलं पाणी बाटलीत घेऊन वडील पुन्हा दुकानात आले, तेव्हा कुठं सरांनी नळी मोजायला काढली.

ती नळी म्हणजे त्यांची दुसरी सनक. कंपन्यांचे चकचकीत संच ते विकत, पण मनातून त्यांच्यावर खार खाऊन असत. लहान वावरवाल्याला ते परवडत नाहीत, आणि परवडलेच तर वर्षभरात त्यांची छिद्रं चोंदतात आणि सगळा पसारा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पडून राहतो. सरांनी आपला संच जुळवला होता. दगडांच्या ओट्यावर एक ड्रम. त्याच्या तोंडावर फडकं, जुन्या सुती लुगड्याचंच. खाली पातळ नळी, आणि तिला टोचून बसवलेल्या काडीएवढ्या बारीक नळ्या. प्रत्येक तासाला, म्हणजे पिकाच्या ओळीला, वेगळी नळी नाही. एकच नळी, या तासाला पाणी देऊन झालं की उचलून पुढच्या तासाला. कष्ट थोडे जास्त, खर्च मात्र अगदी थोडा. चोंदली तर मेकॅनिक बोलवायचं काम नाही. “मालकिनीनं तोंडानं फुंकली अन् मोकळी झाली, तं ते ठिबक,” ते म्हणत. “नाही तं ते नुसतं प्लास्टिक.”

हा संच ठिबकच्या सरकारी अनुदान योजनेत बसावा म्हणून त्यांनी खूप खटपट केली. एकदा योजनेचे साहेब स्वतः दुकानात आले. त्यांनी संच नीट पाहिला, प्रश्न विचारले, ते प्रश्नही चांगले होते. मग म्हणाले की कल्पना उत्तम आहे, पण योजनेत संच कायमस्वरूपी बसवलेला लागतो. ही नळी हलते. हलणारी गोष्ट संच म्हणून दाखवता येत नाही.

सर म्हणाले, “भाऊ, बैलबी हालते. मंग बैल शेतातला नाही का?”

साहेब मनापासून हसले. ते हसणं मला अजून आठवतं, कारण त्यांना सगळं कळलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. लाच घेत नसत, शेतकऱ्याला बसायला खुर्ची देत. स्वतः शेतकऱ्याच्या घरातले. वाईट माणसावर संतापणं सोपं असतं. पण ज्याला सगळं कळतं, जो हसतो, आणि हसून झाल्यावर जो गाडीत बसून निघून जातो, त्याच्यावर संतापायची सोयच नसते. मी तो संताप आजवर सांभाळून ठेवला आहे.

सरांचा संच कागदावर नव्हता, पण वावरांत होता. त्यातलं सगळ्यात देखणं वावर सुमनबाईचं. पूर्णेकाठच्या एका गावात, डांबरी रस्त्याला लागून. नवरा सुरतेला कामाला, जमीन सासूच्या नावावर, राबणारी ही एकटी. सरांच्या शिव्या खात तिनं तळं खणून घेतलं होतं आणि त्याच्या पाण्यावर मिरची लावली होती. आजूबाजूला सगळं रखरखीत असताना उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची मिरची हिरवीगार आणि पांढऱ्या फुलांनी भरलेली असे. तळ्यातलं पाणी ती दागिन्यासारखं वापरी. मिरचीच्या शेवटच्या तोड्यांपुरतं ठेवून बाकीचं देई.

त्या हिरव्या रंगानंच घात केला. साहेबांना ठिबकचा मोठा कार्यक्रम घ्यायचा होता, पाहुणे येणार होते, आणि रस्त्यावरून दिसणारं हिरवं वावर आसपास दुसरं नव्हतं. सुमनबाईला सांगितलं की तुझ्या वावरात उद्घाटन करू, नवा संच तुलाच राहील. ती हो म्हणाली. कुणीही म्हटलं असतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिचा दुकानात फोन आला. आवाज दबलेला. नवे लोक आले आहेत, त्यांनी तुमची नळी गुंडाळून धुऱ्यावर टाकली, ड्रम लवंडला, आणि पाण्याचा टँकर आणून उभा केला आहे. सरांनी एकच विचारलं, टँकर कुठून भरला? तिला माहीत नव्हतं. सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि स्कूटरची किल्ली उचलली. दुकान उघडंच टाकून आम्ही निघालो.

आम्ही पोचलो तेव्हा मांडव पडला होता, खुर्च्या होत्या, लाऊडस्पीकर होता. मिरचीच्या तासांमधून नव्या काळ्या नळ्या अंथरलेल्या, आणि अंथरताना दोन तासं पायाखाली गेलेली. सुमनबाईला नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं होतं, तिच्या स्वतःच्या वावरात, पाहुण्यासारखी. टँकरच्या पाईपाला मोठा कॉक जोडला होता आणि त्याला रिबन बांधली होती. पाहुण्यांनी रिबन सोडून कॉक फिरवायचा, एवढंच उद्घाटन.

तपासायला म्हणून कुणीतरी आधीच थोडा वेळ पाणी सोडून पाहिलं होतं. नळीच्या टोकाला थेंब लोंबत होते. सर सगळ्यांच्या मधून चालत गेले, वाकले, ओंजळीत थोडं पाणी धरलं आणि तोंडात घेतलं. मी त्यांना शेकडो वेळा असं करताना पाहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटले नाहीत. लगेच थुंकले.

सरांना फार राग आला की त्यांची वऱ्हाडी गळून पडे आणि ते पुस्तकातलं मराठी बोलत. कॉलेजातल्या वर्गात उभं असल्यासारखं ते म्हणाले, “हे पाणी बोअरचे आहे. खारे आहे. झाडे फुलावर आहेत. हे पाणी यांना द्यायचे नाही.”

साहेब जवळ आले, हळू आवाजात म्हणाले की सर, फक्त पाच मिनिटं, फोटोपुरतं, पाहुण्यांना पुढं अचलपूरला जायचं आहे. सर म्हणाले, “फोटो काढा. पाणी सोडू नका.” साहेब म्हणाले, पाणी न सोडता ठिबकचा फोटो कसा काढणार? पाहुणे उठून कॉककडे यायला लागले होते. फोटोवाला मागं मागं सरकत त्यांच्यापुढं चालला होता. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्या कॉकवर बसले.

पुढचं तुम्ही पाहिलं आहे. पाहुण्यांबरोबरच्या दोन माणसांनी त्यांना धरलं. सरांनी एक हात वर करून काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, आवाज लाऊडस्पीकरच्या गाण्यात बुडाला. उठवताना ते अडखळले, पाय नळीत गुंतला होता म्हणून. व्हिडिओत ते झिंगल्यासारखं दिसतं. मी ओरडले, पण मी चौकटीच्या बाहेर होते.

सरांना रस्त्यापाशी नेऊन उभं केलं आणि कॉक उघडला गेला. टाळ्या झाल्या. मिरचीच्या प्रत्येक झाडाच्या बुडाशी ते पाणी थेंब थेंब पडू लागलं, अगदी योजनेत म्हटल्याप्रमाणं, एकही थेंब वाया न जाता. गाड्या गेल्यावर टँकरवाल्यानं उरलेलं पाणी खालच्या तासांत सोडून दिलं. भरलेला टँकर परत न्यायचा म्हणजे डिझेल जास्त जळतं. संध्याकाळच्या आत नव्या नळ्या निघाल्या, बंडलं गाडीत चढली. सुमनबाईनं विचारलं, हा संच मले राह्यन म्हणे? गाडीवाला म्हणाला, आमाले तसं काही सांगतलं नाही.

त्या दिवशी तिनं आणि सरांनी मिळून लवंडलेला ड्रम उभा केला, आणि शेवटच्या तोड्यांसाठी राखून ठेवलेलं तळ्यातलं गोड पाणी मुळांवरचा खार धुवायला सोडलं. मी फडक्यातून पाणी गाळत होते. काही झाडं वाचली. खालच्या तासांतली पानं कडेनं करपली, फुलं गळून पडली, आणि तळं आटल्यामुळं जी वाचली तीही पुढं पाण्यावाचून गेली. खाऱ्या पाण्यानं नेलं ते नेलंच, त्याला धुता धुता गोडही संपलं.

नुकसान कुणाच्या खात्यावर लागलं नाही. मात्र ‘अशोभनीय वर्तन’ या कारणानं ठिबकच्या कंपनीनं सरांकडून आपली एजन्सी काढून घेतली, आणि पाठोपाठ योजनेतूनही त्यांचं दुकान गेलं. लोक व्हिडिओ बघून आधीच हसत होते. समोरच्या दुकानदारानं तर विचारलं, काय सर, कोनती घेता? सर त्याला म्हणाले, “पूर्णेचे पाणी.” प्रमाण मराठीत.

दुकान बंद झालं. मी अमरावतीला दुसऱ्या नोकरीला लागले. सर स्कूटरवरून गावोगाव फिरत राहिले, तळ्याच्या जागा दाखवत, नळ्या टोचून देत, पूर्वीइतकंच टाकून बोलत. सुमनबाईच्या गावात त्यांनी शिव्या देत देत बऱ्याच जणांकडून तळी खणून घेतली. वाऱ्या-उन्हातल्या या फिरण्यानं छातीचं दुखणं जडलं, आणि गेल्या हिवाळ्यात ते गेले.

मग शोकसभा झाली. अकोल्यात, साहेबांच्या पुढाकारानं. साहेब तोवर आणखी मोठे साहेब झाले होते. स्टेजच्या मागं भलामोठा फ्लेक्स लावला होता. वरच्या ओळीत पाहुण्यांचे आणि साहेबांचे फोटो, मधोमध सर, एक हात उंचावलेले, जणू गर्दीला अभिवादन करताहेत. खाली लिहिलं होतं, ‘वऱ्हाडातील ठिबक क्रांतीचे अग्रदूत’. मी बघत राहिले. पांढरा शर्ट, मागं हिरवी मिरची. तो त्याच दिवशीचा फोटो होता. सरकारी फोटोवाल्यानं काढलेला, बाकीची माणसं कापून काढलेला. फक्त डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती, एकात जाडजूड अंगठी. सरांना धरलेल्या माणसाचा हात. कुणाच्याही लक्षात आला नाही, किंवा आला आणि चालून गेला.

काकूंच्या आला. त्यांनी साहेबांना विचारलं, “हा हात कोनाचा हाय?” साहेबांनी वळून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांनाही आत्ताच दिसला. म्हणाले, कार्यकर्ते फार प्रेम करायचे सरांवर. काकू खुर्चीवर जाऊन बसल्या आणि सगळी भाषणं संपेपर्यंत त्या चार बोटांकडे बघत राहिल्या. भाषणांत सरांचा संच होता, बैलाचं वाक्यही होतं. साहेबांनीच ते सांगितलं, आणि सगळे मनापासून हसले. तो संच योजनेत घेतला का, हे कुणी विचारलं नाही. माझे वडील मागच्या रांगेत बसले होते. ते सभा अर्धी असतानाच उठून बाहेर गेले. मला म्हणाले, “बोलनारा मानूस होता तो. त्याच्याबद्दल असं गोडगोड ऐकवत नाही.”

सभा संपल्यावर सुमनबाई स्टेजवर चढली आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडायला लागली. हॉलवाल्या पोऱ्यानं हटकलं, तर म्हणाली, “माया वावरातला फोटो हाय.” गुंडाळी डोक्यावर घेऊन ती बसस्टँडकडे गेली.

महिन्याभरानं मी तिच्या गावी गेले. खळ्यात तुरीचा ढीग होता आणि त्यावर तो फ्लेक्स पालथा झाकलेला, छापील बाजू खाली. वर दगड ठेवले होते. कापडाच्या मध्यभागी माणसाच्या आकाराचं भोक होतं, त्यातून तूर दिसत होती. साहेब आणि पाहुणे तुरीवर तोंड टेकून पडले होते.

सर घरात होते. सुमनबाईनं त्यांना कात्रीनं कापून भिंतीवर चिकटवलं होतं, उंचावलेल्या हातासकट. कापणं ओबडधोबड झालं होतं. डावा खांदा अर्धा नव्हता.

मी त्या तुटक्या खांद्याकडे बघते आहे हे तिनं पाहिलं.

“तो हात कापाले गेली तं संगं खांदाबी गेला थोडासा,” ती म्हणाली. “जाऊ दे. आता कोनं धरलं नाही त्यायले.”